एका सदनिकेच्या दोन किमती

पुण्यात १९८५ साली एका सरकारी नोकरदाराने कर्ज काढून घेतलेली दोन खोल्यांची सदनिका हिशेबासाठी कल्पू. मुलगा पुण्यातच राहिला, मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. आई आधीच गेली होती, वडील २०२३ साली गेले. मृत्युपत्र नाही, म्हणून दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा. २०२५ मध्ये सदनिका एक कोटीला विकायची ठरते. भावाबहिणीत वाद नाही. तरीही दोघांच्या हाती सारखी रक्कम पडत नाही, आणि ती का पडत नाही हे बऱ्याच घरांत उमगते ते साठेखतावर सह्या झाल्यावर.

आधी थोडे मागे जायला हवे. १९७३चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, हा टंचाईच्या काळातला कायदा. डॉलर बाळगणे हाच जवळजवळ गुन्हा होता. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाला इथे घर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. जून २००० पासून त्याची जागा ‘फेमा’ने घेतली आणि गुन्ह्याच्या जागी दंड आला. या कायद्याचा पहिला प्रश्न पासपोर्टचा नसतो. माणूस राहतो कुठे, हा असतो. नोकरीसाठी देश सोडला की तो फेमाच्या दृष्टीने अनिवासी होतो. त्याचे जुने बचत खाते ‘एनआरओ’ खाते करून घ्यावे लागते. बहुतेक जण ते करत नाहीत, कारण त्या खात्यात आईवडिलांचे विजेचे बिल भरण्यापुरतेच पैसे असतात आणि बँकेत जायला सुट्टी पुरत नाही. प्राप्तिकर खाते निवासी कोण हे दिवस मोजून, आपल्या वेगळ्या नियमाने ठरवते. त्यामुळे एकाच वर्षात एकच माणूस एका कायद्याने निवासी आणि दुसऱ्याने अनिवासी असू शकतो.

आता आपल्या सदनिकेकडे वळू. वारसाहक्काने आलेल्या घरावर नफा काढताना भारतीय कायदा वारसाची नव्हे, मूळ मालकाची किंमत धरतो. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत धरता येते. ती वीस लाख होती असे समजू. प्रत्येकाच्या हिश्शाला दहा लाख आणि विक्रीचे पन्नास लाख. बहिणीचा नफा चाळीस लाख, त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे पाच लाख कर. भावाला मात्र निवड आहे. महागाई निर्देशांकाचा लाभ जुलै २०२४ मध्ये काढून घेतला गेला, पण ओरड झाल्यावर जुन्या घरांपुरता परत दिला. फक्त निवासी व्यक्ती आणि अविभक्त कुटुंबांना. २०२५-२६चा निर्देशांक ३७६, म्हणून भावाचे दहा लाख होतात सदतीस लाख साठ हजार. नफा उरतो बारा लाख चाळीस हजार, आणि वीस टक्क्यांनी कर दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. उपकर दोघांनाही वेगळा. म्हणजे बाप एक, भिंती त्याच, महागाईही तीच, आणि बहिणीला दुप्पट कर. या भेदाचे पटेल असे कारण मला तरी सापडलेले नाही.

कर कापण्याची तऱ्हाही निराळी. भावाला देताना खरेदीदार एक टक्का कापतो. बहिणीला देताना व्यवहारात पुऱ्या पन्नास लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे सव्वासहा लाख, कापले जातात. जादा गेलेले पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात, पण वाट पाहावी लागते. त्यावर उपाय आहे. विक्रीआधी प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यायचा. त्याला वेळ लागतो, आणि घाईतला खरेदीदार थांबायला राजी नसतो. तेवढ्यासाठी सौदे मोडतात.

मग अमेरिकेचा हिशेब. तिथे वारसाची किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत. २०२३ मध्ये सदनिका नव्वद लाखांची होती असे धरले, तर बहिणीचा हिस्सा पंचेचाळीस लाखांचा आणि नफा अवघा पाच लाखांचा. मधल्या काळात रुपया घसरल्याने डॉलरमध्ये त्याहूनही कमी. दुहेरी कर टाळण्याची सोय दोन्ही देशांत आहे, पण भारतात भरलेला कर अमेरिकेत तिथे लागणाऱ्या कराइतकाच वळता होतो. तिथे कर जवळजवळ नाहीच, म्हणून इथला पाच लाखांचा कर बहुतांशी अंगावरच राहतो. काही भाग पुढच्या दहा वर्षांत वापरता येतो, पण तसे परदेशी उत्पन्न असेल तरच. सल्लागार एका देशाचा असला की ही गोष्ट सहसा निसटते. इथला सनदी लेखापाल इथले बरोबर सांगतो, तिथला तिथले.

पैसे नेण्याला बंदी नाही. एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. कर भरल्याची कागदपत्रे हवीत. इथे पुन्हा घर घेतले तर नफ्यावरचा कर वाचतो, पण ते घर भारतातलेच हवे. पूर्वी ‘एक राहते घर’ एवढेच शब्द कायद्यात होते आणि परदेशातल्या घरावरही सूट मागितली जाई. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली.

याच कुटुंबाची कोकणात आंब्याची बाग असती तर प्रकरण आणखी विचित्र झाले असते. वारसाने निम्मी बाग बहिणीच्या नावावर चढते, सातबाऱ्यावर तिचे नाव येते. पण भावाला आपला हिस्सा तिला विकायचा झाला तर विकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही, कारण अनिवासी व्यक्तीला शेतजमीन आणि बाग वारशाखेरीज घेता येत नाही. तिला तिचा हिस्सा विकायचा असेल तर घेणारा भारतात राहणारा हवा, आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्यानुसार सामान्यतः शेतकरीही हवा. असा गिऱ्हाईक बहुधा एकच निघतो, भाऊ. मग भाव कोण ठरवणार?

म्हणून अनेक घरांत ताईला फोन जातो, ‘तू हक्कसोड करून दे, मागाहून तुझे तुला पाठवतो.’ मोबदला न घेता सोडलेला हक्क आणि नंतर भेट म्हणून गेलेले डॉलर ही जोडी दोन्ही देशांच्या कर खात्यांना संशयास्पद वाटते, आणि पैसे आले नाहीत तर बहिणीच्या हातात कागद काहीच नसतो. त्यापेक्षा विक्रीचे कुलमुखत्यारपत्र बरे. ते परदेशात सही करून तिथे साक्षांकित करायचे आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथले मुद्रांक शुल्क भरायचे. त्यात एकाच सदनिकेचा उल्लेख असावा, मुदत असावी, आणि पैसे बहिणीच्याच खात्यात जमा होतील असे स्पष्ट लिहावे.