विमानाचा रेडिओ कोण सांभाळतं?

आपल्या बीड जिल्ह्याला जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याला. तिथल्या मनोऱ्यातून नियंत्रक वैमानिकाशी बोलतात. हे बोलणं पोचवणारी यंत्रं चालू ठेवतात इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर.

आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर लागतो. त्याला लागूनच, ११८ पर्यंत, विमानाला दिशा दाखवणारे संदेश असतात. पुढे १३७ पर्यंत वैमानिकांचं बोलणं. आपला रेडिओ बंद पडला तर एखादं गाणं चुकतं. तिथं आवाज तुटला तर विमानातल्या माणसांच्या जिवाशी गाठ. म्हणून एक संच चालू, दुसरा तयार. वीज गेली तर बॅटरी, मग जनरेटर. रोज तपासणी, रोज नोंद.

ही नोकरी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. इलेक्ट्रॉनिक्स किंवा टेलिकॉमची इंजिनिअरिंग पदवी लागते. अलीकडे निवड गेट परीक्षेच्या गुणांवर होते. मुलींनाही ती खुली आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला, तर पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तेव्हा बायांनो, लेकीच्या लग्नाची बोलणी काढण्याआधी ही वाट गटाच्या बैठकीत बोलूया, आणि लेकीलाही विचारूया.