दूरस्थ संगणक जोडणी

दूरस्थ संगणक जोडणी म्हणजे एका ठिकाणी असलेला संगणक दुसऱ्या ठिकाणी बसून, जाळ्यामार्फत, प्रत्यक्ष समोर असल्याप्रमाणे हाताळण्याची पद्धत होय. व्यवहारात तिला ‘रिमोट डेस्कटॉप’ किंवा ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ म्हणतात. घरून कार्यालयातील संगणक वापरणे हा तिचा सर्वांत परिचित उपयोग आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील कार्यालये बंद झाली, तेव्हा ही पद्धत संगणक व्यावसायिकांच्या वर्तुळाबाहेरही पोचली.

स्वरूप

या जोडणीत कार्यालयातील फाइल घरी येत नाही. येते ते केवळ पडद्याचे चित्र. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर येथे घरी बसलेला कर्मचारी पुण्यातील कार्यालयाच्या संगणकाशी जोडला गेला, तर त्याने दाबलेली कळ आणि हलविलेला माऊस यांची सूचना पुण्याला जाते. तेथील संगणक त्याप्रमाणे काम करतो आणि बदललेल्या पडद्याचे चित्र मंगरूळपीरला परत पाठवितो. हिशेब पुण्यात होतो, फाइल पुण्यातच साठविली जाते आणि घरचा संगणक फक्त खिडकीचे काम करतो. त्यामुळे तो जुना किंवा कमी क्षमतेचा असला तरी बहुधा अडत नाही.

ई-मेल उघडणे किंवा संकेतस्थळावर जाऊन अर्ज भरणे यांत दुसऱ्या संगणकाची सेवा घेतली जाते, पण त्याचा संपूर्ण ताबा मिळत नाही. दूरस्थ जोडणीत तो मिळतो. या पद्धतीची सोय आणि तिचा धोका ही दोन्ही या एकाच गोष्टीतून निर्माण होतात.

इतिहास

दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर काम करण्याची कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर १९६९ मध्येच ‘टेलनेट’ या पद्धतीची आखणी झाली. टेलनेटमध्ये पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जात असे. तो वाटेत चोरला जाण्याचा प्रकार हेलसिंकीतील एका विद्यापीठात घडल्यानंतर तेथील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ ही सांकेतिक रूपात संदेश नेणारी पद्धत तयार केली. चित्ररूप पडदा दूर नेण्याचे प्रयत्न १९८४ मध्ये एमआयटी संस्थेत सुरू झालेल्या ‘एक्स विंडो’ प्रणालीपासून दिसतात. केंब्रिज येथील संशोधनशाळेतून आलेली ‘व्हीएनसी’ आणि मायक्रोसॉफ्टची ‘आरडीपी’ या आजही वापरात असलेल्या दोन पद्धती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत.

महाराष्ट्रातील सामान्य ग्राहकाला या तत्त्वाचा पहिला अनुभव बहुधा नकळतच आला. विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्यातील स्वस्त प्रकार ‘शेल खाते’ म्हणून ओळखला जाई. ग्राहक दूरध्वनीवरून निगमच्या संगणकात शिरत असे; पत्र लिहिणे, वाचणे हे सर्व त्या संगणकावर घडे आणि घरच्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, ‘परम’ महासंगणकांचा वापरही दूरवरचे संशोधक असाच करतात. आपल्या संस्थेत बसून ते एसएसएचद्वारे पुण्याच्या यंत्रावर गणिते सोपवितात.

जोडणीचे मार्ग

कार्यालयातील संगणकाला बाहेरून थेट हाक मारता येत नाही, कारण त्याचा पत्ता बहुधा अंतर्गत असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असंख्य घरांत आणि कचेऱ्यांत एकाच वेळी वापरले जातात. गावोगावी ‘विठ्ठल मंदिराजवळ’ हा पत्ता असावा, तसे हे आहे. गावात तो पुरेसा असतो, गावाबाहेरच्या टपालाला निरुपयोगी. ही अडचण तीन प्रकारे सोडविली जाते.

कार्यालयाच्या राउटरवर एक दार, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवून बाहेरून आलेली हाक थेट त्या संगणकाकडे वळविणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. आरडीपीचे ठरलेले पोर्ट ३३८९ आहे. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधत फिरणारे आणि एकामागून एक पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत ‘ब्लूकीप’ नावाचा दोष उघड झाला. त्याच्या आधारे अशा दारातून पासवर्डशिवायही आत शिरणे शक्य होते. मायक्रोसॉफ्टने त्या वेळी पाठबळ संपलेल्या एक्सपी आवृत्तीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात येते.

दुसरा मार्ग व्हीपीएनचा. यात घरचा संगणक प्रथम सांकेतिक वाहिनीने कार्यालयाच्या जाळ्याचा सदस्य होतो आणि मग आतल्या पत्त्यावर जोडला जातो. रस्त्यावरच्यांना दार दिसतच नाही. तिसऱ्या मार्गात दोन्ही संगणक एका मध्यस्थ सर्व्हरला स्वतः हाक मारतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क ही अ‍ॅप या प्रकारची आहेत.

विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकाशी आरडीपीने जोडले जाता येते. मात्र ज्या संगणकात शिरायचे, त्यावर ‘प्रो’ किंवा तत्सम आवृत्ती लागते. आरडीपीने जोडल्यावर कार्यालयातील पडदा कुलूपबंद होतो. इतर अनेक अ‍ॅपमध्ये तसे आपोआप होत नाही आणि घरून चाललेले काम कार्यालयातील कोणालाही पाहता येते.

वेग आणि वीज

उच्च प्रतीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० इतके ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर एका चित्राचे सुमारे ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला अशी तीस चित्रे जशीच्या तशी पाठवायची तर दीड गिगाबिट वेग लागेल. प्रत्यक्षात पडद्याचा बदललेला भागच संक्षिप्त करून पाठविला जातो. पत्र टंकित करताना तर दर क्षणी एखादे अक्षरच बदलते, म्हणून साध्या मोबाइल इंटरनेटवरही काम चालते. चलच्चित्र किंवा आरेखनाचे काम असेल तर मात्र जोडणी अडखळते.

वेगाइतकाच विलंबही महत्त्वाचा असतो. मंगरूळपीर ते पुणे हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे. प्रकाशतंतूतून ते जाऊन-येऊन कापायला एका सेकंदाचा दोनशेवा भागच पुरतो. तरीही अक्षर दाबल्यावर उमटायला वेळ लागतो, याचे कारण बहुधा मोबाइल मनोऱ्यावरची गर्दी किंवा घरातला कमजोर वायफाय हे असते. दोष अंतराला देण्याचे कारण नाही.

या जोडणीसाठी वीज मात्र दोन्ही टोकांना हवी, ही बाब पुष्कळदा विसरली जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पारेषणातील बिघाडामुळे मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी कार्यालयात जनित्र असेल तर घर अंधारात असते. आणि घर वऱ्हाडात, उजेडात असले तरी मुंबईतला संगणक बंद पडलेला असतो. बंद संगणक ‘वेक ऑन लॅन’ या सोयीने जाळ्यावरून सुरू करता येतो, पण ती व्यवस्था आधी करून ठेवावी लागते.

मराठी टंकलेखन

जुन्या मराठी दस्तऐवजांपैकी पुष्कळसे युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ आणि सी-डॅकची ‘आयएसएम’ या प्रणाली अनेक कचेऱ्यांत आणि छापखान्यांत वापरल्या गेल्या. अशी फाइल ई-मेलने घरी मागविली आणि तेथे तो फाँट नसला, तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. दूरस्थ जोडणीत ही अडचण येत नाही, कारण येते ते चित्र आणि फाँट कार्यालयातच असतो.

उलट टंकताना गोंधळ होऊ शकतो. आरडीपी सामान्यतः कळेचा क्रमांक पाठविते, म्हणून इन्स्क्रिप्ट कळफलक दूरच्या संगणकावर बसविलेला असावा लागतो. व्हीएनसी अक्षर पाठविते आणि देवनागरी अक्षर पलीकडे नीट पोचेलच असे नाही. दोन्हीकडे मराठी कळफलक चालू ठेवून ‘काहीच उमटत नाही’ अशी तक्रार करण्यापूर्वी घरचा कळफलक इंग्रजीवर आणून पाहावा.

टाळेबंदीचा काळ

२० मार्च २०२० रोजी राज्य शासनाने मुंबई महानगर प्रदेश, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील कार्यालये ३१ मार्चपर्यंत बंद ठेवण्याची घोषणा केली. पाठोपाठ देशभर टाळेबंदी आली. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी घरी, आणि पुष्कळ जण आपापल्या गावी, गेले. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हते त्यांचे संगणक कार्यालयात राहिले किंवा टेम्पोने घरी न्यावे लागले.

ग्राहक सेवा केंद्रांपुढे तांत्रिक अडचणीहून कायदेशीर अडचण मोठी होती. दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार अशा केंद्रांना घरून काम देण्यासाठी बँकहमी आणि ठरावीक प्रकारची व्हीपीएन जोडणी आवश्यक होती. विभागाने १३ मार्च २०२० रोजी या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, सवलतीची मुदत वेळोवेळी वाढविली आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची व बँकहमीची अटच काढून टाकली.

गैरवापर आणि कायदा

मध्यस्थ अ‍ॅपमध्ये पडद्यावरील क्रमांक किंवा परवानगीचे बटण हीच किल्ली असते. बँकेचा किंवा वीज मंडळाचा अधिकारी असल्याची बतावणी करून दूरध्वनीवरून असे अ‍ॅप घ्यायला लावणे आणि तो क्रमांक विचारून खाते रिकामे करणे, हा फसवणुकीचा रूढ प्रकार आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. अ‍ॅपमध्ये दोष असतोच असे नाही; मालक स्वतः दार उघडून देतो. अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे, मग बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याने जुना पासवर्ड अजून चालतो म्हणून आत डोकावणेही याच कक्षेत येऊ शकते.

काम संपल्यावर नुसती खिडकी बंद केल्याने जोडणी तुटते, पण कार्यालयातील संगणकावरचे सत्र आणि उघड्या फाइली तशाच राहतात. सत्र संपविण्यासाठी त्या संगणकावरून ‘साइन आउट’ करावे लागते. ‘शट डाउन’ केल्यास, कोणी प्रत्यक्ष जाऊन किंवा वेक ऑन लॅनने संगणक सुरू करेपर्यंत, पुन्हा जोडता येत नाही.