डब्यातली मते

(द्वितीय वर्ष, कला)

‘मत’ हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. मनात जे असते तेही मत आणि निवडणुकीत जे देतो तेही मतच. दुसऱ्या प्रकारचे मत द्यायचे तर वयाची अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात, यादीत नाव असावे लागते, बोटाला शाई लावून घ्यावी लागते. पहिल्या प्रकारच्या मताला यातले काहीच लागत नाही. रोहा ते पेण असा रोजचा प्रवास करणारा पासधारक ते दिवसातून दोनदा देतो. सकाळी जाताना एकदा आणि संध्याकाळी परतताना एकदा. बहुतेक वेळा ते कोणी मागितलेलेही नसते!

गेली दोन वर्षे मी या पासधारकांपैकी एक आहे. आमच्या डब्यात तीन विषय कधी शिळे होत नाहीत : खाणे, मोबाईल आणि राजकारण. या तीन विषयांवरची मते कशी तयार होतात आणि त्यांतली कोणती विश्वासाची, एवढेच या लेखात सांगायचे आहे. विषय हलका वाटेल. परंतु त्यातून मला एक धडा मिळाला आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमची गाडी

पेणमध्येच राहणाऱ्या मित्रांसाठी आधी गाडीची ओळख करून देतो. रोह्याहून सुटलेली गाडी निडी, नागोठणे, कासू अशी स्थानके घेत पाऊण तासाच्या आसपास पेणला येते आणि पुढे पनवेलवरून दिव्याकडे जाते. रोह्यापर्यंत रूळ आले ते १९८६ साली. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सारा मार्ग खुला झाला. म्हणजे रोहा हे मध्य रेल्वेचे शेवटचे टोक आणि कोकण रेल्वेचे पहिले. मुंबईची लोकल मात्र पनवेललाच थांबते. त्यामुळे आम्ही धड उपनगरातले नाही आणि आता धड खेड्यातलेही राहिलो नाही.

उपनगरात एक गाडी चुकली तर थोड्याच वेळात दुसरी येते. आमच्याकडे गाड्या मोजक्या. चुकली तर एस.टी., आणि एस.टी. म्हटली की मुंबई-गोवा महामार्ग आला. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली सुरुवात झाली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मी दहावी झालो, बारावी झालो, महाविद्यालयात आलो. डब्यातली त्या रस्त्याची चर्चा काही संपली नाही.

गाड्या मोजक्या म्हणून माणसेही तीच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून परतणारे, पनवेलला कामाला जाणारे, भाजीच्या पाट्या घेऊन पेणच्या बाजाराला निघालेल्या बाया आणि आम्ही विद्यार्थी. माझे वडीलही धाटावला हेल्पर आहेत. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

वड्याची परीक्षा

प्रथम खाण्याविषयी. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून कागदात बांधून आणलेला वडापाव डब्यात उघडला की आजूबाजूचे चारजण परीक्षक होतात. तेलाचा वास कसा आहे, बेसनाचे आवरण जाड आहे की पातळ, सोडा जास्त पडला आहे का, सुक्या चटणीत लसूण आणि खोबरे आहे की नुसतेच तिखट, पाव बोटाने दाबल्यावर परत वर येतो का, या सर्व कसोट्या घासागणिक लावल्या जातात. एका काकांना तर वडा नुसता हातात घेऊन तेल सकाळचे की कालचे हे सांगता येते. पुन्हापुन्हा तळलेल्या तेलाबद्दल सरकारचाही नियम आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातील ‘पोलर’ संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. काकांना हा नियम माहीत नाही. पण त्यांचे नाक नियमाआधीपासून काम करते आहे.

वडापावाचा जन्म १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे मानतात. म्हणजे हा पदार्थ जन्मापासून रेल्वेच्या प्रवाशाचाच. त्यातले बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही मात्र आपल्याकडे रुळले ते पोर्तुगिजांमुळे. हे पोर्तुगीज काही दूरचे नव्हेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंडा-चौल भागात १५२१ पासून १७४० पर्यंत त्यांचा अंमल होता, आणि पलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलली जाते. ‘वडापाव हे आपले खरे मराठी अन्न’ असे कोणी ठासून सांगितले की मी हा इतिहास सांगतो. मग सगळे मला हसतात आणि वडा खातात.

थंडीत हा मान पोपटीला मिळतो. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरायची, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही आणि मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. पाल्याच्या ओलाव्यावरच शेंगा शिजतात. शिजल्या की नाही हे मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून ओळखतात. उरलेली पोपटी दुसऱ्या दिवशी डब्यात येते आणि ‘आमच्याकडची जास्त चांगली’ असा वाद रंगतो.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते. खाण्याच्या बाबतीत आमच्या डब्यातला माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवीत नाही. तो चाखतो आणि मग बोलतो.

मोबाईलची परीक्षा

आता यंत्राविषयी. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आज भाजीच्या पाटीशेजारीही फोन असतो. कोणता फोन चांगला, यावर डब्यातली मते ठाम आहेत, आणि तीही वड्यासारखीच अनुभवावर घासलेली. जाहिरातीत कॅमेऱ्याचे आकडे असतात. आमच्या डब्यात विचारतात : बॅटरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत टिकते का? डोंगराआड रेंज राहते का? पावसात भिजला तर चालतो का? हातातून फलाटावर पडला तर दुरुस्ती रोह्यात होते की पनवेल गाठावे लागते?

पैसे देण्याच्या नव्या पद्धतीचेही असेच झाले. ‘यूपीआय’ची सुरुवात २०१६ साली झाली. वड्याच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांचा तो फलक लागला तेव्हा जुनी मंडळी म्हणाली, पैसे हवेत जातील. पण पैसे जमा झाल्याचे सांगणारा छोटा ध्वनिपेटा आला आणि विरोध मावळला. पैसे पोहोचले हे कानांनी ऐकू आले, म्हणून विश्वास बसला. हीसुद्धा एक प्रकारची चाखणीच.

राजकारणाचे काय?

तिसरा विषय राजकारणाचा, आणि इथे मात्र गाडी रूळ सोडते. जो माणूस वड्याला पाच कसोट्या लावतो, तोच राजकारणात एकही लावीत नाही.

असे का होते? डब्यातल्या जुन्या प्रवाशांशी बोलल्यावर मला एक कारण सापडले. पूर्वी एकजण वर्तमानपत्र विकत घेई आणि त्याची पाने आठजणांत वाटली जात. अग्रलेख एकाकडे, क्रीडा दुसऱ्याकडे, जिल्ह्याच्या बातम्या तिसऱ्याकडे. बातमी सर्वांची एकच असे. भांडण असे ते तिच्या अर्थावरून. कोणी चुकीचे सांगितले तर पान मागून घेऊन दाखवता येई. आज आठजणांच्या हातांत आठ फोन आहेत आणि प्रत्येकाची बातमी वेगळी. शेजाऱ्याच्या फोनवर काय आले हे आपल्याला दिसत नाही, म्हणून ते तपासताही येत नाही. शिवाय बातमी पाठवणारा बहुधा ओळखीचा असतो. बातमीवर नव्हे, त्या ओळखीवर आपण विश्वास ठेवतो.

राजकारण चाखता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मधू दंडवते राजापूरचे खासदार आणि १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या निर्णयामुळे. हा निर्णय पाठीला कळतो. त्याला भाषणाची गरज नाही. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९५२ साली याच आपल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मताची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

आणि २१ सप्टेंबर २००८ ची गोष्ट तर पेणकरांना सांगायला नको. ‘सेझ’ला जमीन द्यायची की नाही, यावर तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. त्या दिवसाबद्दल एका प्रवाशाने मला सांगितले, “त्या दिवशी आम्हाला कुणी समजावायला लागलं नाही. जमीन आमचीच होती ना!” ज्या विषयात आपला पाय चिखलात असतो, त्यात आपण फसत नाही. फसतो ते दुसऱ्याच्या चिखलाविषयी बोलताना.

माझी चूक

आता तो धडा. गेल्या जुलैत रात्री माझ्या फोनवर एक निरोप आला : ‘उद्या पेण-रोहा दरम्यान ब्लॉक. सकाळची गाडी रद्द.’ पाऊस धो धो पडत होता, निरोप खराच वाटला. मी क्षणाचाही विचार न करता तो वाडीच्या ग्रुपवर पाठवून दिला आणि समाजसेवा केल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी गाडी आली, नेहमीच्या वेळेला आली. निरोप आदल्या वर्षीचा होता. त्यावर तारीखच नव्हती.

आमच्या वाडीतल्या एक मावशी पेणच्या बाजारात रानभाजी विकतात. आदल्या दिवशी भर पावसात रानात फिरून त्यांनी टाकळा आणि कुर्डू काढून ठेवला होता. निरोप त्यांच्या नातीने वाचून दाखवला आणि त्या घरीच राहिल्या. पालेभाजी ती, दुसऱ्या दिवसापर्यंत मान टाकून बसली. संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “तू शिकलेला पोर, म्हनून खरा मानला रे.”

मला वाटते, त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. तोच निरोप दुसऱ्या कोणी पाठवला असता तर त्यांनी स्टेशनवर जाऊन पाहिले असते. माझ्या महाविद्यालयीन नावामुळे त्यांनी पाहिले नाही. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदा शिकायला बाहेर पडलेल्या मुलाचा शब्द वाडीत पदवी मिळण्याआधीच प्रमाणपत्रासारखा चालतो. ही पत आपण कमावलेली नसते, ती लोकांनी उधार दिलेली असते. ती आपण कशी खर्च करतो, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

माझ्या निरोपाने भाजी सुकली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच फिरत्या निरोपांनी माणसे मारली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालता येते. पण त्या पाच ठिकाणी काय पाठवायचे, हे शेवटी बोटच ठरवते.

तात्पर्य

तेव्हा मी आता वड्याच्या कसोट्या निरोपांना लावतो. पहिली, ताजा आहे की शिळा. म्हणजे तारीख आहे का? दुसरी, कोणाच्या कढईतला; म्हणजे मूळ सांगणारा कोण? तिसरी, तिखट जरा जास्तच आहे का. कारण चव झाकायची असली की तिखट वाढवतात. आणि चौथी, दुसऱ्या गाडीवर विचारून पाहता येईल का? गाडीबद्दल असेल तर १३९ क्रमांकावर चौकशी करता येते. नियमाबद्दल असेल तर आपल्या ग्रंथालयात वर्तमानपत्रे आहेत. या चार कसोट्यांना दोन मिनिटे पुरतात, आणि आमच्या प्रवासात निदान वेळेला तोटा नाही.

मावशी आजही रात्री मला विचारतात, “उद्या गाडी हाय ना?” त्यांनी विचारणे सोडले नाही, हे माझे भाग्य. मी विचारून, पाहून मगच सांगतो. आणि कळले नाही तर ‘माहीत नाही’ असे सांगतो. सुरुवातीला हे दोन शब्द उच्चारताना लाज वाटे, आता वाटत नाही.

वाचकहो, हेही शेवटी एका पासधारकाचे मतच. माझ्यावर विश्वास ठेवा असे म्हणणार नाही. चाखून पाहा.