उचल, करार आणि तळेगावचे बॅरिस्टर



गाळप हंगाम जवळ आला की गट ऑफिसात बेण्याच्या आणि खताच्या चौकशा मागे पडतात आणि एकच विषय सुरू होतो, तो म्हणजे टोळी. ज्यांचे ट्रॅक्टर तोडणी-वाहतुकीला लागतात त्यांनी कारखान्याकडून उचल घ्यायची, मुकादमाला द्यायची आणि कोयते येण्याची वाट बघायची. टोळी आली तर ठीक. नाही आली, किंवा निम्म्या हंगामातून रातोरात निघून गेली, तर उचल वाहतूकदाराच्या नावावर बसते आणि ऊस फडात वाळतो. मग कुणीतरी म्हणतो, "मुकादमाला उचलून आणू, खोलीत घालू, आपोआप पैसे टाकील." हे बोलणे वरचेवर कानावर येते म्हणून हा लेख. उसाच्या माणसाने कायद्यात पडू नये हे कबूल, पण इथे सभासदाचे घर पणाला लागते.

आपल्या मावळात, तळेगाव दाभाडे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आजही उभा आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. पण नोकरीचा आणि व्यवहाराचा कायदा हे त्यांचे खास क्षेत्र होते, हे फारसे कुणी सांगत नाही. १९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. वकिली जम धरत नव्हती त्या दिवसांत, १९२५ ते १९२८, त्यांनी मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ सालची दुरुस्ती त्याच काळातली.

आपल्या कामाची गोष्ट मात्र १९३८ सालची आहे. मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. ठराविक परिस्थितीत संप केला तर कामगाराला शिक्षा, अशी त्यात तरतूद होती. बाबासाहेबांनी विधिमंडळात बिलाला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काम सोडणे म्हणजे फार तर करार मोडणे, ती दिवाणी बाब आहे, नुकसान मागा. पण काम सोडल्याबद्दल माणसाला तुरुंग दाखवलात, तर त्याला मनाविरुद्ध राबवणे झाले, आणि त्याला गुलामगिरीच म्हणावे लागेल. बिल तरीही मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला.

उचलीच्या बाबतीत तर कायद्याने हे आधीच पाहिले होते. इंग्रजांनी १८५९ साली एक कायदा केला होता. उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून कैदेत टाकता येई. तो १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. म्हणजे मुकादमाला खोलीत घालू म्हणणारा आपला गडी शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघालेला कायदा चालवू बघतो. आजचा कायदा तर उलट बाजूने धावतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याखाली कुणाला वेठीला धरून राबवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. डांबून ठेवणे हा वेगळा गुन्हा. आणि टोळीतल्या ज्या बाईने उचलीचा रुपयाही हातात घेतला नाही, तिची भांडीकुंडी अडवून ठेवायची हा कुठला न्याय?

मग पैसे बुडू द्यायचे का? मुळीच नाही. पण रस्ता कागदाचा आहे. करार मुकादमाच्या नावाने, त्याच्या पूर्ण पत्त्यासह करा. किती कोयते, कोणत्या तारखेला, उचल किती हप्त्यांत, तोडणीतून वळती कशी, हे सगळे त्यात आले पाहिजे. रक्कम बँकेतूनच द्या. रोख दिलेली उचल कोर्टात शाबीत करताना नाकी नऊ येतात. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. पुष्कळ सभासद इथेच मार खातात, कारण ते मुकादमाच्या गावी चकरा मारण्यात महिने घालवतात. पैशाच्या दिवाणी दाव्यालाही साधारण तीन वर्षांचीच मुदत असते. सुरुवातीपासून फसवायचाच बेत होता असे दाखवता आले, तर फौजदारी फिर्यादही होते. नुसती टोळी पळाली एवढ्याने होत नाही.

जामीनदारांनाही एक विनंती. पाहुणा आहे म्हणून कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका. मुख्य देणेकऱ्याइतकाच जामीनदारही बांधला जातो.

वकील कोर्टाची पायरी चढण्यासाठीच असतो असा आपल्याकडे समज आहे. सही करण्याआधी कागद वाचून घ्यायला त्याची फी फार थोडी पडते. वडगाव मावळला कोर्ट आहे, तिथे वकीलही आहेत. यंदाचे करार सुरू होण्यापूर्वी आपला मसुदा तेवढा दाखवून घ्यावा.