डेटाबेसच्या लेखी ‘आत्ता’ म्हणजे केव्हा?

डेटाबेसच्या टेबलात नवी नोंद पडते तेव्हा तिच्या वेळेचा रकाना सहसा कोणी हाताने भरत नाही. टेबल तयार करतानाच ‘वेळ दिली नसेल तर सध्याची धरावी’ असे सांगून ठेवलेले असते. हे डिफॉल्ट मूल्य. नोंद पडताना, बदलताना किंवा पुसली जाताना आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ट्रिगर. कोणती नोंद कधी बदलली हे टिपून ठेवण्याचे काम बहुधा त्याच्याकडे असते. दोन्हीकडे सूचना एकच, ‘सध्याची वेळ’. पण सध्याची म्हणजे नेमकी कोणत्या क्षणाची, हे प्रत्येक डेटाबेस आपापल्या नियमाने ठरवतो.

1992च्या एसक्यूएल मानकानुसार एकाच आज्ञेत ही वेळ कितीदाही विचारली तरी उत्तर एकच मिळायला हवे. मायएसक्यूएल याच रेषेवर चालते. आज्ञा सुरू झाली ती वेळ ‘नाऊ’ हे फंक्शन देते आणि त्या आज्ञेमुळे चाललेल्या ट्रिगरलाही तीच मिळते. हजार नोंदी घालायला तीन सेकंद लागले तरी सगळ्यांवर शिक्का एकाच क्षणाचा. प्रत्यक्ष घड्याळ पाहायचे असेल तर ‘सिसडेट’ आहे. मात्र आज्ञा जशाच्या तशा दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा चालवून प्रत ठेवली जात असेल, तर तिथे सिसडेटचे उत्तर वेगळे येऊ शकते.

पोस्टग्रेस्क्यूएल आणखी मागे जाते. तिथे ‘नाऊ’ म्हणजे ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या आज्ञांचा गट, सुरू झाल्याची वेळ. ट्रान्झॅक्शन 10 वाजता उघडले, नोंद 10 वाजून 5 मिनिटांनी पडली, तरी डिफॉल्ट लिहिणार 10 आणि ट्रिगरमधले नाऊही 10च सांगणार. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे: एका ट्रान्झॅक्शनमधले सगळे बदल एकाच वेळेचे दिसावेत. फक्त बदल कोणत्या क्रमाने झाले हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ट्रिगरमध्ये ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ वापरावे लागते. ते दर वेळी घड्याळ पाहते.

क्रमही लक्षात घ्यायला हवा. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये डिफॉल्ट आधी भरले जाते, मग नोंदीपूर्वीचा ट्रिगर चालतो. त्यामुळे त्याच्या हाती वेळ भरलेली नोंद येते आणि ती वेळ तो बदलू शकतो. ॲप्लिकेशनने त्या रकान्यात स्पष्टपणे ‘नल’ (रिकामे मूल्य) पाठवले, तर डिफॉल्ट लागू होत नाही. नोंद नुसती बदलली तरीही ते गप्पच राहते, म्हणून ‘शेवटचा बदल’ या रकान्यासाठी ट्रिगर लिहावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये तेवढ्यासाठी ट्रिगरची गरज नाही, रकान्याच्या व्याख्येतच तशी सोय आहे.

सर्वात फसवा प्रकार अवतरणचिन्हांचा. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये डिफॉल्ट म्हणून नाऊ हे फंक्शन न देता अवतरणात ‘नाऊ’ हा शब्द दिला, तर टेबल तयार झाले तो क्षणच कायमचा गोठतो. वर्षभराने पडलेल्या नोंदीवरही तीच जुनी तारीख. फायरबर्डमध्ये गंमत उलटी आहे. तिथे ‘करंट टाइमस्टॅम्प’ सर्वात बाहेरचा ट्रिगर किंवा प्रोसिजर संपेपर्यंत स्थिर राहते आणि अवतरणातला ‘नाऊ’ कास्ट करून (वेळेच्या प्रकारात बदलून) वापरला तर वेळ पुढे सरकत जाते.

या नियमांचा चटका बसतो तो रोजच्या डेटा-उचलीत. ‘मागच्या खेपेनंतरच्या सगळ्या नोंदी आण’ असे काम 10 वाजून 6 मिनिटांनी चालले आणि 10ला उघडलेले ट्रान्झॅक्शन 10 वाजून 10 मिनिटांनी कमिट (पक्के) झाले, तर त्यातल्या नोंदी पहिल्या खेपेला दिसतच नाहीत. पुढच्या खेपेला त्या 10च्या, म्हणजे जुन्या, ठरून वगळल्या जातात. क्लॉक टाइमस्टॅम्प वापरूनही हे पूर्ण टळत नाही, कारण कमिट त्याच्याही नंतर होते. म्हणून प्रत्येक खेपेची सुरुवात मागच्या खेपेच्या थोडी आधीपासून करतात, निदान सर्वात लांबणाऱ्या ट्रान्झॅक्शनइतकी, आणि दुबार आलेल्या नोंदी त्यांच्या क्रमांकावरून गाळतात.