वॉर्सातील दोन दिवस आणि कोल्हापूरचा स्मृतिफलक

नवी दिल्ली : पोलंडची राजधानी वॉर्सा येथे जुन्या शहरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका स्मृतिफलकावर मराठी पर्यटकाला ‘कोल्हापूर’ हे नाव आढळते. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूर संस्थानाने पोलिश निर्वासितांना आश्रय दिला होता. त्याच्या स्मरणार्थ नोव्हेंबर २०१७ मध्ये या फलकाचे अनावरण झाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २१ ऑगस्ट २०२४ रोजी येथे आदरांजली वाहिली. युरोपच्या धावत्या सहलीत वॉर्सासाठी दोनच दिवस मिळत असले, तरी हे स्थळ पाहता येते. मात्र नियोजन आधीपासून करायला हवे.

व्हिसा

पोलंड डिसेंबर २००७ पासून शेन्गेन क्षेत्रात असल्याने भारतीय पर्यटकांना शेन्गेन व्हिसा आवश्यक असतो. पोलंडचा दूतावास दिल्लीत, तर महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे. अर्ज कोठे करायचा हे राहत्या राज्यावरून ठरते. एकाहून अधिक देशांना भेट देणार असल्यास ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल करणे बंधनकारक आहे. निर्णयाची मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकत असल्याने शेवटच्या आठवड्यांची वाट पाहू नये. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून, किमान ३० हजार युरो संरक्षणाचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. पोलंडचे चलन मात्र युरो नसून झ्लॉटी आहे.

पहिला दिवस : जुने शहर

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या नागरिकांनी जर्मन राजवटीविरुद्ध उठाव केला. ६३ दिवसांनी तो मोडून काढण्यात आला आणि त्यानंतर शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त करण्यात आले. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला. युद्धानंतर जुनी रेखाटने आणि बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील चित्रकाराची नगरचित्रे यांच्या आधारे तो पुन्हा उभारण्यात आला. या पुनर्बांधणीची दखल घेऊन युनेस्कोने १९८० मध्ये या भागाला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान दिले. राजवाड्याची पुनर्बांधणी १९७१ मध्ये सुरू होऊन १९८४ मध्ये पूर्ण झाली.

राजवाडा आणि बाजारचौक पाहून झाल्यावर क्रासिन्स्की उद्यानापाशी असलेल्या माँटे कॅसिनो स्मारकाकडे पायी जाता येते. कोल्हापूरचा फलक याच स्मारकाजवळ आहे. सोव्हिएत राजवटीने १९४० पासून हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांपैकी अनेक जण पुढे जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. हे सैन्य इराणमार्गे इटलीत पोहोचले आणि मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोच्या लढाईत लढले. त्याच काळात स्त्रिया, मुले व वृद्ध मिळून सुमारे ५ हजार निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहत होते. या दोन घटनांचा असा संबंध आहे.

दुसरा दिवस : संग्रहालये आणि ओखोता

दुसऱ्या दिवशी वॉर्सा उठाव संग्रहालय किंवा पोलिश ज्यूंच्या इतिहासाचे ‘पोलिन’ संग्रहालय यांपैकी एकाची निवड करणे सोयीचे ठरेल. ही दोन्ही संग्रहालये मंगळवारी, तर राजवाडा सोमवारी बंद असतो. त्यामुळे सहलीचे वार ठरविताना ही बाब ध्यानात घ्यावी. सायंकाळी ओखोता भागातील ‘भल्या महाराजांचा चौक’ पाहता येईल. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ पासून बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला होता. हा चौक त्यांच्या स्मरणार्थ आहे.

डिसेंबरमध्ये वॉर्सात दिवसाचा उजेड आठ तासांहूनही कमी, तर जूनमध्ये सोळा तासांहून अधिक असतो. वेळ थोडा असल्यास उन्हाळा निवडणे श्रेयस्कर.

वळिवडे छावणी १९४३ ते १९४८ या काळात होती. तिच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. आजचे गांधीनगर ते हेच. वॉर्साला निघण्यापूर्वी कोल्हापुरात हे ठिकाण पाहून घेतल्यास तेथील फलकाचा अर्थ अधिक स्पष्टपणे उमगेल.