'पानी' अशुद्ध नाही

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर 'पाणी'चे 'पानी' आणि 'कोण'चे 'कोन' सहज ऐकू येते. शाळेत त्याला चूक म्हणतात. भाषाविज्ञानाला त्यात नियम दिसतो.

संस्कृत 'कर्ण' प्राकृतात 'कण्ण' झाला आणि मराठीत 'कान'. 'पर्ण'चे 'पण्ण', मग 'पान'. जोडातले एक व्यंजन गळाले, भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला आणि 'ण्ण'चा 'न' झाला. 'पानीय'पासून आलेल्या 'पाणी'त प्राकृतातला 'ण' एकेरी होता, म्हणून प्रमाण मराठीत तो टिकला. पाड्यावरच्या बोलीने तोही 'न' केला. म्हणजे प्रमाणभाषा ज्या वाटेने गेली, तिच्यावर बोली एक पाऊल पुढे आहे.

स्लाव्ह भाषांतही बदल असेच नियमाने झाले. रशियनमध्ये 'रुका' म्हणजे हात, छोटा हात 'रूच्का'. 'रूच्का'च्या प्राचीन रूपात 'रुका'तल्या 'क'नंतर 'इ'सारखा ऱ्हस्व स्वर होता. त्याच्यासाठी जीभ टाळूकडे सरकली, 'क'चा 'च' झाला. पुढे स्वर लोपला, त्याची खूण मात्र 'च'मध्ये राहिली. आपल्याकडे 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून पाहा: 'ई' येताच 'झ' टाळूकडे सरकतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे जतन केली आहेत. शिक्षकांनी ती जरूर ऐकावीत. मुलांना प्रमाणभाषा शिकवावीच, पण त्यांच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हणू नये.